रंगाच्या पलीकडचा मासा

पावसाळा ओसरून नद्यांचं पाणी निवळलं की काठालगतच्या उथळ पाण्यात बोटभर लांबीचे मासे थव्याने फिरू लागतात. कुणाच्या अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा असतात, कुणाच्या शेपटीजवळ काळा ठिपका, कुणाचे पर तांबूस झालेले असतात. घाटावर कपडे धुणाऱ्यांपासून सहलीला आलेल्या मुलांपर्यंत सगळ्यांना ते दिसतात, पण त्यांची नावं फार थोड्यांना ठाऊक असतात. नदीवर मासेमारी करणारे भोई त्यांतल्या काहींना खवली म्हणतात, बाजारात ते ‘बारीक मासळी’च्या ढिगात जातात आणि शहरातली माणसं त्यांना सरसकट ‘गप्पी’ म्हणून मोकळी होतात. या माशांची नीट ओळख करून घेणं ही केवळ हौशी लोकांची करमणूक आहे, असं मला वाटत नाही. आपल्या नदीत मूळचं कोण आणि बाहेरून आलेलं कोण, हे काठावरच्या माणसांना सांगता आलं तरच नदीचं काय बिघडतंय हे वेळेवर कळेल. मात्र त्यासाठी आधी एक सवय सोडावी लागेल. माशाकडे पाहताना डोळा पहिल्यांदा रंगावर जातो, आणि ओळख पटवण्याच्या कामात रंगाइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

रंग का फसवतो, हे त्वचेची रचना समजली की लक्षात येतं. माशाच्या अंगावरचा काळा रंग मेलॅनिनचा असतो आणि तो मासा स्वतः तयार करतो. लाल-पिवळ्या छटा मुख्यतः कॅरोटिनॉइड द्रव्यांच्या असतात. ही द्रव्यं माशाला स्वतः बनवता येत नाहीत. शेवाळ आणि शेवाळावर जगणारे बारीक जीव खाऊन ती मिळवावी लागतात. त्यामुळे एकाच जातीचा मासा एका डोहात लालसर आणि दुसऱ्या डोहात फिका दिसू शकतो. चंदेरी चमक ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या सूक्ष्म स्फटिकांची असते. निळी झाकही अशाच स्फटिकांवरून परतणाऱ्या उजेडाची असते, म्हणून पाहण्याचा कोन बदलला की निळ्याचं हिरवं होतं. गढूळ पाण्यात मासे फिकटतात. घाबरलेल्या माशाच्या काळ्या पेशींतलं रंगद्रव्य आकसतं किंवा पसरतं आणि हातात धरल्यावर काही क्षणांत त्याचं रूप पालटतं. शिवाय नर-मादीत फरक असतो, ऋतूप्रमाणे फरक पडतो आणि वयानुसारही पडतो. पश्चिमवाहिनी नद्यांत आढळणारा डॉकिन्सिया फिलामेंटोसा याचं उत्तम उदाहरण आहे. पिल्लाच्या अंगावर उभे काळे पट्टे असतात. मासा वाढला की ते पुसट होऊन नाहीसे होतात, शेपटीअलीकडे एक लांबट काळा डाग राहतो, शेपटीच्या टोकांवर लाल-काळा रंग चढतो आणि वयात आलेल्या नराच्या पाठीवरच्या पराला लांब तंतू फुटतात. पिल्लू आणि बाप शेजारी ठेवले तर नवखा माणूस त्यांना दोन जाती समजेल.

शास्त्रज्ञांनाही या अडचणीतून जावं लागलं आहे. मासे स्पिरिटमध्ये किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवले की लाल, पिवळा, निळा हे रंग काही काळात उडतात. उरतात ते काळे ठिपके आणि रेघा. एकोणिसाव्या शतकातली बरीच वर्णनं अशा नमुन्यांवरून लिहिली गेली. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला आणि फ्रान्सिस डे यांचा भारतातल्या माशांवरचा मोठा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात आला. या पायाभूत ग्रंथांतली नावं पुढे देशभर लावली गेली. दोन ठिपक्यांचा छोटा मासा दिसला की ‘टिक्टो’ लिहायचं, मग तो गंगेकाठचा असो की सह्याद्रीतला, असा प्रघात पडला. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी खवल्यांची संख्या, पराच्या काट्याची घडण, हाडं आणि जनुकं तपासायला घेतली, तेव्हा या गटाची नव्याने मांडणी करावी लागली. पेथिया ही छोट्या खवलीवर्गीय माशांची प्रजाती 2012 मध्ये स्वतंत्र ठरली. त्यानंतर एकट्या महाराष्ट्रातूनच नव्या जातींची भर पडली: 2014 मध्ये कोकणातल्या कुंडलिका नदीतून पेथिया ल्युटिया, त्याच वर्षी आजऱ्याकडच्या हिरण्यकेशीतून पेथिया लाँगिकॉडा आणि 2016 मध्ये पवना-नीरा या भीमेच्या उपनद्यांमधून पेथिया संजयमोलुरी. हे मासे दुर्गम जंगलातले नाहीत. माणसांच्या वावरातल्या नद्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या पोहत होते, आणि विज्ञानाच्या दप्तरी त्यांची नोंद नव्हती.

मग ओळख पटवायची कशी? काठावर उभं राहून, मासा न पकडता, तीन गोष्टी पाहता येतात. पहिली, मासा पाण्याच्या कोणत्या थरात आहे. अगदी पृष्ठभागाखाली तरंगणारा, मधल्या थरात थव्याने वळणारा आणि तळाच्या दगडाला चिकटून बसलेला, हे बहुधा वेगवेगळ्या गटांचे मासे असतात. दुसरी गोष्ट शेपटी. आपल्या खवल्या, दांड्यासारखे लांबुडके डॅनिओ आणि रासबोरा यांची शेपटी दुभंगलेली असते. गप्पीची शेपटी अखंड, गोलसर पंख्यासारखी असते. एवढ्या एका खुणेवरून देशी माशांना ‘गप्पी’ म्हणण्याची निम्मी चूक टळते. अपवाद आहे तो पिकूचा, म्हणजे अप्लोकायलसचा. हा देशी मासा पृष्ठभागालगत राहतो आणि त्याची शेपटीही गोलसर असते, पण त्याचं डोकं वरून चपटं असतं आणि डोक्याच्या मध्यावर एक चमकदार पांढरा ठिपका असतो. काठावरून खाली पाहिलं तर पाण्यात तो ठिपकाच आधी नजरेत भरतो. तिसरी गोष्ट पाठीवरच्या पराची जागा. खवलीवर्गात तो पाठीच्या साधारण मध्यावर असतो. डॅनिओ आणि देवारिओ यांच्यात तो मागे सरकलेला, जवळपास पोटाखालच्या मागच्या पराच्या वर येतो. डोंगरातल्या वाहत्या ओढ्यात निळ्या-पिवळ्या आडव्या रेघांचा, चपळ, चपट्या अंगाचा मासा दिसला आणि त्याचा पाठीवरचा पर मागे असला, तर तो बहुधा देवारिओ असतो. नाकापासून शेपटीपर्यंत एकच ठळक काळी रेघ असेल तर रासबोरा डॅनिकोनियस किंवा त्याचा सख्खा भाऊबंद समजावा.

याहून जवळून पाहायचं तर मासा पाणी भरलेल्या छोट्या पारदर्शक डबीत क्षणभर घ्यावा लागतो. मग खवलीच्या दोन अगदी सामान्य प्रकारांतला फरक स्पष्ट दिसतो. पुंटियस सोफोरे या माशात एक काळा डाग शेपटीच्या बुडाशी असतो आणि दुसरा पाठीवरच्या पराच्या मुळाशी. पेथिया टिक्टोच्या वळणाच्या माशांत एक लहान ठिपका कल्ल्याच्या लगेच मागे असतो आणि दुसरा, मोठा ठिपका शेपटीच्या अलीकडे, पोटाखालचा मागचा पर जिथे संपतो त्याच्या वर असतो. पाठीवरच्या पराच्या पुढच्या ताठ काट्याला भिंग लावलं तर पेथियात त्याची मागची कड करवतीसारखी दातेरी दिसते, सोफोरेत ती गुळगुळीत असते. अंगाच्या मध्यावरून जाणारी बारीक छिद्रांची रेघ, जिच्यामुळे माशाला पाण्यातली हालचाल कळते, ती सोफोरेत शेपटीपर्यंत पोचते. पेथियाच्या काही जातींत मात्र ती थोड्या खवल्यांनंतर थांबते. तोंडाभोवती मिशा आहेत का, असल्या तर किती जोड्या, हेही पाहावं. तळाशी राहणाऱ्या मुरीला तीन जोड्या असतात. मळ्या या माशाचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असतं आणि हनुवटीवर दगडाला धरून राहण्यासाठी चकती असते. या सगळ्या खुणांना ऋतू नाही, त्या भीतीने बदलत नाहीत आणि स्पिरिटमध्येही टिकतात. विणीच्या काळात नराच्या कुशीवर चढणारी लाली मनोहर असते आणि मासा वयात आल्याची बातमीही तीच देते, पण जात ठरवताना तिचा क्रम शेवटचा.

शरीराच्या खुणांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मासा कोणत्या खोऱ्यातला आहे. पक्षी डोंगर ओलांडतो, फुलपाखरू ओलांडतं. ओढ्यातला मासा ओलांडत नाही. सह्याद्रीच्या एका कड्यावर पडलेला पाऊस पूर्वेला कृष्णा-गोदावरीत जातो आणि पश्चिमेला काही तासांत समुद्र गाठतो. हजारो वर्षं वेगळ्या पाण्यात राहिलेल्या माशांच्या जातीही वेगळ्या झाल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या 2011 मधल्या पाहणीत पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांच्या 290 जाती विचारात घेतल्या होत्या. त्यांतल्या 189 जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत आणि साधारण एक तृतीयांश जाती धोक्यात आहेत. म्हणून ‘देशी मासा’ या शब्दाचा अर्थ ‘भारतात सापडणारा’ एवढाच घेतला तर फसगत होते. रोहू आणि कटला हे उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे. सह्याद्रीतल्या धरणांत ते माणसाने आणून सोडले. माशाचं मूळ ठरतं ते खोऱ्यावरून. ठिकाणाची नोंद नसलेला सुंदर फोटो त्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने अर्धवट राहतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं शिकण्याची गरजच काय, फोनमधलं ॲप फोटोवरून नाव सांगतंच. ॲपचा उपयोग मी नाकारत नाही. फोटो अनेक जाणकारांसमोर जातो आणि ते दुरुस्ती करतात, अशा व्यासपीठांनी मोठं काम केलं आहे. पण ॲप त्याने आधी पाहिलेल्या फोटोंवरून अंदाज बांधतं. ज्या माशाचे हजारो फोटो काचपेटीतले आहेत, त्याचं नाव त्याच्या हाताशी लगेच येतं. भीमेच्या एखाद्या उपनदीतल्या, मोजक्या फोटोंच्या माशाचं येत नाही. तिथे ते जवळच्या प्रसिद्ध नावावर थांबतं, म्हणजे ‘टिक्टो’चा जुना घोळ नव्या यंत्राने चालू राहतो. शिवाय वरून घेतलेल्या फोटोत काटा, रेघ, मिशा यांपैकी काहीच नसतं. फोटो कोणत्या बाजूने घ्यायचा, पर उघडे का हवेत आणि आलेलं उत्तर कधी नाकारायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातात ॲप कामाचं ठरतं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. हे मासे ना जाळ्यात किलोने येत, ना त्यांना भाव मिळतो. मग त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचं एक उत्तर जगभरच्या प्रयोगशाळांत पोहतं आहे. हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये वर्णन केलेला, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, शेपटीपर्यंत गेलेल्या निळ्या रेघांचा डॅनिओ रेरिओ, म्हणजेच झेब्राफिश, हा आपल्याच उपखंडातला काठाचा मासा. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी तो आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी निवडला आणि 1981 मध्ये त्यांचं काम गाजलं. 2013 मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात जोड असल्याचं दिसलं. त्याच्या हृदयाचा इजा झालेला भाग पुन्हा वाढतो. त्यामुळे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसह अनेक ठिकाणी हृदयाच्या अभ्यासासाठी तो वापरला जातो. दुसरं उत्तर ताटातलं आहे. मोला हा छोटा चंदेरी मासा अ जीवनसत्त्वाने समृद्ध आहे, आणि लहान मासे काट्यांसकट खाल्ले जात असल्याने त्यांतून कॅल्शियमही मिळतं. गरीब घरांच्या पोषणात त्यांचा वाटा मोठ्या माशांच्या तुकड्यांपेक्षा वेगळा आणि मोलाचा आहे. तिसरं उत्तर नदीचं. बगळे, खंड्या, पाणसाप, मरळ या सगळ्यांचं पोट या बारीक मासळीवर चालतं. यांतल्या बहुतेक जाती काठाच्या गवतात आणि पाणवनस्पतींत अंडी घालतात, पिल्लं तिथेच वाढतात. काठ सिमेंटने बांधला, वाळू-गोटे उपसले किंवा सांडपाणी सोडलं की पहिला फटका यांनाच बसतो. नदी बिघडल्याची वर्दी सगळ्यांत आधी देणारे हे रहिवासी आहेत, पण कोण नाहीसं झालं हे सांगणारा माणूस काठावर असला तरच ती वर्दी आपल्यापर्यंत पोचते.

तिसरा मुद्दा गप्पीचा. डास आटोक्यात ठेवण्यासाठी गप्पी आणि गॅम्बुसिया पाण्यात सोडले जातात. हिवताप आणि डेंगीपेक्षा चार परके मासे परवडले, असं कुणी म्हणालं तर त्या काळजीला मान दिलाच पाहिजे. बंद टाकीत, हौदात किंवा कारंज्याच्या कुंडात गप्पी सोडण्याला माझा विरोध नाही. प्रश्न ते ओढ्यात आणि नदीत पोचतात तेव्हा उभा राहतो. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि कॅरिबियन बेटांवरचा, गॅम्बुसिया उत्तर अमेरिकेतला. दोघेही अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे घाण पाण्यातही त्यांची संख्या झपाट्याने वाढते. गॅम्बुसिया इतर माशांची अंडी-पिल्लं खातो, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. 1952 मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापियाही त्याच यादीत आहे. दुसरीकडे आपला पिकू डासांच्या अळ्या उत्तम खातो. ज्या वाहत्या ओढ्यात पिकू आणि डॅनिओ टिकून आहेत, तिथे गप्पी सोडणं म्हणजे नेमलेल्या राखणदाराला हाकलून परका आणून बसवणं आहे. हा विवेक करायचा तर सोडणाऱ्याला आधी त्या पाण्यात कोण राहतं हे ओळखता यायला हवं.

सर्वांत गंभीर आक्षेप अभ्यासकच घेतात. नाव झालं की मागणी होते आणि मागणी आली की लूट होते, असं ते म्हणतात. सह्याद्रिया डेनिसोनी, ज्याला व्यापारात ‘मिस केरळ’ म्हणतात, त्याची कहाणी त्यांच्या बाजूने साक्ष देते. डे यांनी 1865 मध्ये वर्णन केलेला, अंगावर लाल आणि काळी रेघ असलेला हा मासा केरळ-कर्नाटकातल्या थोड्या नद्यांतच आहे. जगभरच्या मत्स्यपेट्यांसाठी तो इतका पकडला गेला की त्याची गणना संकटग्रस्तांत झाली आणि केरळला पकडीवर निर्बंध आणावे लागले. पण या कहाणीत व्यापाऱ्याला दिसला तो माशाचा रंग. तो किती थोड्या नद्यांत आहे, कधी वितो, किती पकडला तर संपेल, हे उशिरा तपासलं गेलं. ओळख अपुरी होती तोवर लूट चालली, आणि पुरी झाली तेव्हा निर्बंधाला आधार मिळाला. उलट बाजूचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातून 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही मुरीची नवी, रंगीत जात जाहीर झाली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने त्या ठिकाणचं 2.11 हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. एका बोटभर माशाला नाव मिळालं आणि त्याच्यासोबत झऱ्याला संरक्षण मिळालं. आक्षेपातला खरा भाग एवढाच घ्यावा, की दुर्मीळ माशाचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये. तो अभ्यासकांना कळवावा.

ही ओळख सामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, हेही मला पटत नाही. कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी अनेक जातींना स्थानिक मराठी नावंच दिली. टोर खुद्री, गारा मुल्या, मिस्टस सींगटी ही शास्त्रीय नावं आजही चालतात. म्हणजे साहेब येण्याआधी इथल्या मासेमारांना हे मासे वेगवेगळे ओळखता येत होते. देहूला इंद्रायणीत आणि महाडजवळच्या वाळणकोंडात लोकांनी श्रद्धेने महाशीर राखला, कारण तो मोठा आहे आणि सगळ्यांना ओळखता येतो. छोट्या माशांच्या वाट्याला तशी ओळख आली नाही, म्हणून तसं राखणंही आलं नाही. 1942 मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी छापली नसती तर मुळा-मुठेने काय गमावलं हे मोजायला आज आधारच उरला नसता. पुढच्या पिढीला तसा आधार हवा असेल तर प्रत्येक नदीची यादी आज व्हायला हवी, आणि ते काम मूठभर संशोधकांना एकट्याने पेलणारं नाही.

म्हणून माझी विनंती शाळांना, नदीकाठच्या ग्रामपंचायतींना आणि काठावर फिरणाऱ्या प्रत्येकाला आहे. अभयारण्य किंवा देवाचा डोह असेल तिथे नुसतं पाहा. इतरत्र मासा पकडलाच तर हात ओले करून, पाणी भरलेल्या पारदर्शक डबीत, मिनिटभरासाठी. बाजूने फोटो घ्या, ठिपके मोजा, शेपटी आणि पाठीवरचा पर पाहा, नदीचं नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि मासा जिथून घेतला तिथेच सोडा. तो घरच्या काचपेटीत नेऊ नका आणि घरच्या काचपेटीतला मासा नदीत सोडू नका. भोई आजोबांना त्यांच्या माशांची नावं विचारा आणि ती वहीत उतरवा. एका नदीच्या एका काठाची अशी वही दहा वर्षं नेमाने लिहिली गेली, तर त्या नदीबद्दल कुणाही अधिकाऱ्याशी पुराव्यानिशी बोलता येईल.